विलायतीचा सख्खा भाऊ

किसनराव पाईकराव एखादा आवाज पारखायला घेत तेव्हा त्या आवाजाकडे पाठ करून उभे राहत. तेही चांगलं चाळीस पावलं लांब जाऊन. वारंगा फाट्यावरच्या त्यांच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे एक लिंबाचं झाड होतं. मी दुकानात बसून गिटार वाजवायचो आणि ते त्या लिंबाखाली, दोन्ही हात मागे बांधून, नांदेडकडे तोंड करून उभे राहायचे. मधून ट्रक जात. कोणी हॉर्न दुरुस्तीसाठी हाका मारी. शेजारच्या हॉटेलातला माणूस खिचडीची ताटली घेऊन ताटकळे. किसनराव हलत नसत. वाजवणं संपलं की रस्ता ओलांडून येत आणि निकाल सांगत. इतक्या लांबून काय कळतं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "जवळून समदेच गोड लागतात मास्तर. लांबून कळतं कोन आपला हाय."

त्यांचं दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. रेडिओ, टेप आणि ट्रकचे हॉर्न दुरुस्त करायचे, हा धंदा. त्यातही हॉर्नच जास्त. दिवसभर कर्कश आवाजांत बसणारा हा माणूस संध्याकाळी प्रल्हाद वाढवे यांच्या गायन पार्टीबरोबर जाई. जयंतीचे कार्यक्रम असत, कुठे विहाराचं उद्घाटन, कुठे लग्न. माइक, भोंगे, वायरी सगळं किसनरावांकडे. स्टेजवर त्यांना कोणी बघितलेलं नसे, पण पार्टीत कोणाचा सूर कुठे बसला आहे हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

मी आखाडा बाळापूरला शाळेत गणित शिकवायचो. गिटार नांदेडला कॉलेजात असताना हॉस्टेलवर शिकलेलो. नव्वद सालानंतरची दोनतीन वर्षं गेली असतील, पार्टीचा गिटारवाला नोकरीसाठी पुण्याला गेला आणि प्रल्हादराव माझं नाव कुठून तरी ऐकून थेट शाळेत आले. मी हो म्हणालो. वसमतच्या आमच्या घरी यावर कोणी काही बोललं नाही. न बोलणं हीच आमच्या घरची बोलायची पद्धत होती. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पार्टीकडे गिटारसाठी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर होता. त्याला सगळे 'विलायती' म्हणत, कारण तो खरोखरच इंग्लंडमध्ये बनलेला होता. हैदराबादच्या हॉटेलात बँड वाजवणारा एक गोव्याचा माणूस आखातात जाताना तो विकून गेला आणि ते खोकं फिरत फिरत प्रल्हादरावांकडे आलं. लाकडी खोकं, त्यावर विटलेलं कापड, आत काचेचे व्हॉल्व्ह. चालू केल्यावर मिनिटभर तो नुसता तापत राही. हळू वाजवलं की त्याचा आवाज स्वच्छ, गोल यायचा. तारेवर जोर दिला की किंचित जळका व्हायचा. गुळाच्या कढईत काकवी तळाला लागायच्या बेताला आली की जसा वास येतो, तसा. प्रल्हादरावांचा आवाज जाड होता. त्या जाड आवाजाच्या मागे हा जळकेपणा असा बसायचा की गाणं आणि गिटार वेगळं काढता येत नसे.

तो विलायती किसनरावांच्या हातून गेला.

बाळापूरला जयंतीचा कार्यक्रम होता. दिवस मावळायच्या वेळेला जोडणी चालली होती. किसनरावांनी खांबावरून लाइन घेतली, दिवा लावून तपासली. मी गिटार सुरात लावत होतो. एकाएकी मंडपातले दिवे भक्कन मोठे झाले, दोन फुटले, आणि माझ्या मागून धूर आला. जोडणीतली एक तार नीट कसलेली नव्हती. ती सुटली आणि दाब दुप्पट झाला. व्होल्टेज आवरणारा स्टॅबिलायझर जीपमध्येच राहिला होता. दहा मिनिटांत आणता आला असता.

प्रल्हादराव म्हणाले, "जाऊ द्या किसनराव. लाइनची चूक हाय."

किसनराव गुडघ्यावर बसून खोक्याची मागची बाजू बघत होते. वर न बघता म्हणाले, "लाइनला अक्कल न्हाई. मला हाय."

त्या दिवशी मी साध्या भोंग्यावर वाजवलं. लोकांना फरक कळला नाही. टाळ्या नेहमीसारख्याच पडल्या. प्रल्हादराव मात्र दोन ठिकाणी चुकले. ते कधी चुकत नसत.

पुढचा महिनाभर किसनराव विलायतीवर बसले. जळालेले ट्रान्सफॉर्मर उकलून त्यांनी तारेचा एकेक वेढा मोजला, तसेच पुन्हा बांधले, व्हॉल्व्ह बदलले, स्पीकरचा कागद जळाला होता तो नवीन लावून आणला. आवाज आला. मी वाजवलं. ते लिंबाखालून परत आले आणि स्टुलावर बसले. "मढं बोलून राहिलं," म्हणाले. त्याच दिवशी त्यांनी त्याचे भाग सुटे केले, आणि शोध सुरू झाला: विलायतीसारखा वाजणारा दुसरा.

तसलाच दुसरा मिळणं शक्य नव्हतं. मुंबईला कोणाकडे असता तरी तो आमच्या पार्टीला कोण देणार. तेव्हा 'तसलाच' नको, 'तसा' हवा, हे किसनरावांनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. नांदेडहून कोणीतरी नवा, चकचकीत अ‍ॅम्प्लिफायर आणला. व्हॉल्व्ह नाहीत, तापणं नाही, बटन दाबलं की तयार. मी वाजवलं. किसनराव रस्ता ओलांडून आले. "हा साडू हाय," म्हणाले. "नात्यात हाय, रक्तात न्हाई." ग्रामपंचायतीच्या सभांचा जुना सेट आणला तेव्हा म्हणाले, "गावचा मानूस हाय. राम राम घालावा, पुढं जावं." एका निवृत्त तलाठ्याच्या घरचा जुना मोठा रेडिओ त्यांनी उघडला, त्यातल्या व्हॉल्व्हवर गिटार चालवून दाखवली. तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा उजळला. "मावसभाऊ," म्हणाले. "आईकडून लागतो."

असं सहासात वर्षं चाललं. यात वेडेपणा होता असं कोणी म्हणेल, पण वेड्या माणसासारखं ते वागत नसत. रोजचा धंदा सोडला नाही, घरी काही कमी पडू दिलं नाही, पार्टीचा एक कार्यक्रम चुकवला नाही. मात्र महिन्यादोन महिन्यांतून एकदा निरोप यायचा, "मास्तरला म्हनावं येऊन जा." मी रविवारी बाळापूरहून जीप धरून फाट्यावर उतरायचो. मी दर वेळी एकच वाजवायचो, आमच्या वंदनगीताच्या सुरुवातीच्या चार ओळी. दुसरं काही वाजवलेलं त्यांना चालत नसे. "तराजू बदलून वजन करता येत न्हाई," म्हणायचे.

पुढे त्यांनी लिंबाखाली जाणं सोडलं. माझ्यासमोरच स्टुलावर बसून, माझ्याकडे टक लावून ऐकायला लागले. पन्नाशी उलटली, रस्त्यावर वाहनंही फार झाली, म्हणून असेल, असं मला वाटलं. विचारलं नाही.

तोवर माझी बदली वसमतला झाली होती. एकदा निरोप आला तेव्हा उन्हाळ्याचे दिवस होते, पेपर तपासणी चालू होती, आणि दोन गाड्या बदलून मी भर दुपारी फाट्यावर पोचलो. किसनरावांनी दोन जुन्या रेडिओंचे भाग एकत्र करून एक अ‍ॅम्प्लिफायर बांधला होता. पेटी स्वतः रंगवलेली. चार महिने त्यावर घातले होते. मी वाजवलं. चांगला होता. विलायती नव्हता. आवाज जिथे जळका व्हायला हवा तिथे तो नुसता मोठा होत होता. मी मान वर केली. ते माझ्याकडे बघत होते. मला घाम आला होता, परतीची गाडी दिसत होती, आणि मला त्यांची दयाही आली.

"झालं किसनराव," मी म्हणालो. "हाच तो."

ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बराबर?"

"बराबर."

त्यांनी मागची फळी ठोकून बंद केली आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

तीन आठवड्यांनी वसमतलाच कार्यक्रम होता. नवी पेटी माझ्या मागे होती. प्रल्हादरावांनी दोन गाणी म्हटली आणि मधल्या वेळेत पाणी पिताना सहज विचारलं, "मास्तर, गिटार आज उपाशी हाय का?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आजूबाजूचे हसले. किसनराव शेजारीच वायर गुंडाळत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी सगळं सामान जीपमध्ये भरलं. शेवटी पेटी उचलली आणि माझ्यापाशी थांबले. आवाज चढवला नाही. "मास्तर, शाळंत तुमी लेकराला मार्क वाढवून देत असाल, पास व्हावं म्हनून. माझ्या पेपरला काहून देले?"

त्यानंतर आठनऊ महिने मला निरोप आला नाही. मीही गेलो नाही. पार्टीत माझ्या जागी कोणी नव्हतं, तरी मला बोलावणं येईना. गिटार कपाटावर पडली. एवढ्याशा गोष्टीचा एवढा राग धरावा, याचा मला राग आला होता.

मग एक दिवस वसमतच्या बसस्टँडवर सुमनवहिनी भेटल्या, किसनरावांच्या पत्नी. बहिणीकडे हळदीच्या कामाला मदत म्हणून आल्या होत्या. हाताला, पदराला पिवळं लागलेलं. मी किसनराव कसे आहेत विचारलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"बरे हायत. पर मास्तर, तुमी तेनला तसं सांगायला नव्हतं पायजे."

मी म्हणालो, "वहिनी, त्यांना स्वतःलाही कळलंच असेल की. कान तर त्यांचा."

त्या म्हणाल्या, "कान कुठं राहिला? डाव्यानं तर कायीच न्हाई. उजव्यानं बी बारीक आवाज येत न्हाई. तीन साल झाले. हॉर्नानं खाल्लं समदं. नांदेडला दाखवलं, डाक्टर म्हनला गेलेलं येत न्हाई. कोनाला सांगू नको म्हनले, पार्टीतून काढतील म्हनून."

"मग ते ऐकत कसे होते?"

"तुमचं तोंड बघून," वहिनी म्हणाल्या. "मास्तरच्या तोंडावर समदं लिहून येतं म्हनायचे. तेच वाचायचे. त्या दिवशी तोंडावर न्हाई दिसलं, पर तुमी तोंडानं व्हय म्हनले. मंग बोललेलंच खरं मानलं तेनं."

हिंगोलीची गाडी लागली आणि त्या गेल्या. मी तिथेच बाकावर बसलो. मी दया म्हणून जे केलं ते काय होतं, हे कळायला मला काही वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी गिटार घेऊन फाट्यावर गेलो. किसनराव एका ट्रकवाल्याचा टेप उघडून बसले होते. मला पाहून त्यांनी मान हलवली, बसा म्हणाले नाहीत. मी वहिनी भेटल्याचं बोललो नाही, माफीही मागितली नाही. कोपऱ्यात तीन पेट्या होत्या. "लावा," मी म्हणालो.

ट्रकवाला गेल्यावर त्यांनी पहिली लावली. मी त्याच चार ओळी वाजवल्या, आणि त्यांना नीट दिसेल असं, सावकाश म्हणालो, "साडू." दुसरी लावली. "गावचा." तिसरी ती रंगवलेली. तिच्यावर मी दोनदा वाजवलं. म्हणालो, "मावसभाऊ. तेव्हाही मावसभाऊच होता."

किसनराव स्टूल ओढून समोर बसले. "हां," म्हणाले. "आता बोला."

त्यानंतर आमचं काम बदललं. ते बांधायचे, मी ऐकायचो, आणि मला जे वाटे ते बोलायचो. त्यांना वाईट वाटलं तर वाटू द्यायचं, हे मी शिकलो. सोपं नव्हतं. त्यांना कमी ऐकू येतं हे मला ठाऊक आहे, हे त्यांनाही कळलं असावं. कारण मी आता मोठ्याने आणि तोंड समोर करून बोलत होतो. तो विषय आम्ही दोघांनी कधी काढला नाही.

वसमतला हबीबचाचा म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांचा पूर्वी तंबूतला सिनेमा होता, जत्रांतून फिरायचा. घरोघर टीव्ही आल्यावर तो बंद पडला. तंबू गेला, मशीन गेलं, पण आवाजाचा अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी ठेवला होता, हे मला शाळेतल्या शिपायाकडून कळलं. मी किसनरावांना घेऊन गेलो. चाचांच्या खाटेखाली, पोत्यात गुंडाळलेला, लोखंडी पेटीत मोठाले व्हॉल्व्ह असलेला तो अ‍ॅम्प्लिफायर होता. किसनराव जमिनीवर आडवे पडून बॅटरीच्या उजेडात बघत राहिले.

"बेचने का नहीं है," चाचा म्हणाले. "चालीस बरस रोटी खिलाया मेरे कू."

किसनराव उठले, कपडे झटकले. "बराबर हाय," म्हणाले. "मी बी न्हाई इकला असता." मग चाचांचा टेबल फॅन कुरकुरत होता तो उघडून त्यांनी तेलपाणी केलं, आणि आम्ही निघालो. पुन्हा मागणं केलं नाही. पण वसमतला आले की ते चाचांकडे जायचे. कधी रेडिओ बघून द्यायचे, कधी नुसते बसायचे. दोन म्हातारे, त्यातल्या एकाला नीट ऐकू येत नाही. काय बोलत असतील कोण जाणे. वर्षभराने चाचांनीच मला शाळेत निरोप धाडला. मी गेलो तर पोतं दारात काढून ठेवलेलं. म्हणाले, "उनकू बोलो ले जाव. लेकिन बजाते रहना. मेरे सरीका खाट के नीचे नक्को रखना."

फाट्यावर किसनरावांनी तो दीड महिना साफ केला, गिटारला जुळेल असा केला, आणि जाड फळीच्या पेटीत स्पीकरसकट बसवला. मी वाजवलं. माझ्या अंगावर काटा आला, आणि तरीही तो तो नव्हता. किसनराव माझ्या तोंडाकडे बघत होते. आता खोटं बोलणं फार सोपं होतं.

"चुलतभाऊ," मी म्हणालो.

त्यांनी खाली पाहिलं. हातातला पाना फळीवर ठेवला. "काय कमी हाय?"

"आवाज कोंडल्यासारखा आहे. खोलीत बसून कोणी बोलावं तसा."

ते पेटीभोवती एक चक्कर मारून आले. मग एकदम खाली बसून पाठीमागच्या फळीचे स्क्रू काढायला लागले. "विलायतीला पाठ नव्हती," म्हणाले. "उघडा होता मागून. मी धूर बघितला तिथूनच. इतके साल झाले, मलाच दिसलं न्हाई."

फळी निघाली. मी वाजवलं. पहिली ओळ हळू, दुसरी जरा जोरात. तिसरीला काकवी तळाला लागली. मी चौथी वाजवली आणि पुन्हा पहिल्यापासून चारही वाजवल्या, कारण मला खात्री करायची होती. किसनराव घाई करत नव्हते.

"सख्खा," मी म्हणालो.

"तोच?"

"तोच नाही किसनराव. सख्खा भाऊ."

त्यांनी मान डोलावली. "तोच कसा असंल," म्हणाले. "तो तर मी जाळला." मग हात पुसून त्यांनी दोन ताटल्या खिचडी सांगितली, आणि आम्ही जेवलो.

त्या पेटीवर मी पुढे सातआठ वर्षं वाजवलं. प्रत्येक कार्यक्रमाला किसनराव लाइन स्वतः जोडत, प्रत्येक तार तीनदा कसत आणि स्टॅबिलायझर मांडीवर घेऊन जीपमध्ये बसत. पार्टीतल्यांनी थट्टा केली तर म्हणत, "तुमाला काय तकलीफ हाय? मांडी माझी हाय." प्रल्हादरावांना किसनरावांच्या कानांचं कळलं तेव्हा त्यांनी त्यांना पार्टीतून काढलं नाही, आवाजाचं यंत्र सांभाळायला किसनरावांच्या शेजारी स्वतःचा भाचा बसवला. किसनरावांनी ते मुकाट्याने मान्य केलं. एवढी वर्षं लपवलं ते कशाला, असं त्यांना वाटलं असेल.

एका पावसाळ्यात, दुकान उघडताना, ते दारातच बसले आणि तिथेच गेले. हिंगोलीला नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. जलदान विधीला फाट्यामागच्या त्यांच्या घरापुढे ताडपत्री बांधली होती. वंदना झाली, आणि वहिनींनी सांगितलं म्हणून पार्टीने गाणी म्हटली. लाइन भाच्याने जोडली. मी वंदनगीताच्या चार ओळी वाजवल्या. प्रल्हादराव पूर्ण गाणं गायले.

लोक पांगल्यावर आम्ही दोघे सतरंजीवर बसून होतो. पेटी अजून तापलेली होती. प्रल्हादराव म्हणाले, "मास्तर, एक खरं सांगा. जुना विलायती असाच वाजत होता का?"

मी म्हणालो, "का हो?"

"मला त्याचा आवाज आठवून नाही राहिला," ते म्हणाले. "आठवायला गेलं की हाच येतो."

मी डोळे मिटून बाळापूरचा मंडप आठवला, त्याच्या आधीचे कार्यक्रम आठवले, ते विटलेलं कापड आठवलं. मग त्या खोक्यावर मी वाजवत असे त्या चार ओळी मनात वाजवून पाहिल्या. बराच वेळ प्रयत्न केला.

"मलाही हाच येतो," मी म्हणालो.